काडीचं वजन

स्टेडियमच्या पायऱ्या चढून आत आलं की डाव्या हाताला काचेचं कपाट आहे, आणि कपाटाच्या वर माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो. बारच्या वर आडवी झालेली, पोट आत ओढलेलं, हातातून पोल नुकताच सुटलेला. खाली लिहिलंय : पोल व्हॉल्ट, सलग सात वर्षं राष्ट्रीय विजेती. शाळेच्या सहली येतात तेव्हा त्यांच्या बाई हमखास म्हणतात, "बघा मुलांनो, कशी पक्ष्यासारखी उडतेय!" मी समोरच्याच खेळाडूंच्या मेसमध्ये पातेलं ढवळत असते, माझ्या कानावर पडतं. पक्ष्याला कुणी दर रविवारी उपाशीपोटी वजनकाट्यावर उभं करत नाही, हे त्या बाईंना एकदा जाऊन सांगावंसं वाटतं. सांगत नाही. पातेलं खाली लागतं.

या खेळाइतका दुष्ट खेळ मी दुसरा पाहिलेला नाही. धावणारी बाई पहिली आली की तिला पदक देतात आणि सोडतात. इथे जिंकलेल्या बाईलाही सोडत नाहीत. बाकीच्या सगळ्या गळल्या, ही एकटी उरली, तरी बार आणखी वर चढवतात. तो ओलांडला की आणखी वर. तीनदा पडेपर्यंत हे चालतं. पहिली असो नाहीतर शेवटची, प्रत्येकीचा दिवस तीन लाल झेंड्यांनी संपतो. स्वतःहून "पुरे" म्हणून थांबलं तर चालतं म्हणतात, पण पुरे म्हणणारी बाई हा खेळ खेळायला येतच नसावी. माझ्या बहिणीने सात वर्षं पदकं घेतली आणि सातही वर्षं ती शेवटची उडी पाडूनच घरी आली. आणि घरी आल्यावर बाबा पदकाचं नाही विचारायचे. "तिसरी का पाडलीस?" एवढंच विचारायचे.

बाबा याच मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचे. दोरी लावायची, चुन्याची गाडी ढकलायची, दोरी उचलायची. चाळीस वर्षं तेच. त्यांच्या रेषेला कधी बोट ठेवायला जागा नसे, आणि घरीही त्यांना सगळं तसंच लागे. ताटाला समांतर चमचा, चपलेला समांतर चपला. आम्ही राहायचो प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली मिळालेल्या दोन खोल्यांत. वर पायऱ्या, त्यामुळे छत तिरकं. दाराशी माणूस ताठ उभा राहायचा आणि मोरीपर्यंत पोचेतो वाकायचा. सामन्याच्या दिवशी लोक वर नाचले की आमच्या भातात चुना पडायचा. आई गेली तेव्हा मी अकराची होते आणि धाकटी नऊची. आईच्या मागे त्या घरात दोन माणसं आणि एक दोरी उरली, असं मी म्हणते. दोरी म्हणजे बाबा.

पहिला पोल आयता मिळाला. बाहेरगावचा एक संघ जाताना टाकून गेला होता, टोकाची रबरी टोपी फुटली म्हणून. बाबांनी तो उचलून आणला, तेलाच्या फडक्याने पुसला आणि घरात ठेवायला गेले तर खोलीत मावेना. मग स्वयंपाकघराच्या दारावरच्या झरोक्यातून अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा आडवा टांगला. त्याच्याखालून जाताना आम्ही मान खाली घालायचो. अजूनही मी त्या दाराशी मान खाली घालते. पोल जाऊन किती वर्षं झाली.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक पोलावर वजनाचा आकडा छापलेला असतो. पन्नासचा पोल म्हणजे पन्नास किलोपर्यंतच्या माणसासाठी. हलक्या माणसाने जाड, ताठ पोल घेतला तर तो वाकतच नाही, माणसाला आला तसा मागे फेकून देतो. जड माणसाने मऊ पोल घेतला तर तो नको तितका वाकतो. आणि फारच वाकला तर मोडतो. एवढंच. बाकी सगळं सर शिकवतात, पण हे पोलावरच लिहिलेलं असतं.

त्या पोलाने आधी मी उडले. धाकटीला हे आवडत नाही, पण खरं आहे ते. बारा वर्षांची मी त्या पन्नासच्या पोलाने दोन मीटर सत्तर गेले होते, आणि सर म्हणाले होते, "या पोरीच्या खांद्यात काहीतरी आहे." सर म्हणजे मैदानावरचे प्रशिक्षक, एका पायाने किंचित लंगडणारे, स्वतः कधीकाळी उडालेले. ते काहीतरी माझ्या खांद्यात वर्षभर राहिलं. मग मी वाढले. बायका वाढतात तशी वाढले. एका रविवारी बाबांनी मला काट्यावर उभं केलं. प्रथमोपचाराच्या खोलीतून मोडीत काढलेला लोखंडी काटा होता तो, चकतीवर सुई फिरणारा. सुई बावन्नवर थांबली.

"हा पोल पन्नासचा आहे," बाबा म्हणाले.

मला वाटलं पुढे काही म्हणतील. ते धाकटीकडे वळले आणि तिला म्हणाले, "चल, चढ." ती अडतीस होती. दुसऱ्या दिवसापासून मी मेसमध्ये बटाटे सोलायला बसले आणि ती खांद्यावर पोल घेऊन धावायला लागली. माझ्या कारकिर्दीची ही एवढी कथा. कुणी फोटो लावायची गरज नाही.

धाकटी अशी वाळकी की मैदानावरचे कुस्तीचे पहिलवान तिला काडीपैलवान म्हणायचे. त्यातला पैलवान गळला आणि काडी राहिली. काडी पंधराव्या वर्षी तीन मीटर वीस गेली. सोळाव्या वर्षी राष्ट्रीय विजेती. संघटनेने तिला नवा पोल दिला, सत्तावन्नचा. बाबांनी तो घरी आणल्यावर आकड्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "छप्पनच्या वर जायचं नाही." त्यातून एक किलो मोकळा ठेवायचा ही त्यांची स्वतःची अक्कल. सर म्हणाले होते, अहो, मुलगी मोठी होईल, ताकद येईल, मग आपण पुढचा पोल मागू. पण बाबांच्या डोक्यात बसलं ते बसलं. रेषा एकदा आखली की आखली.

मग सुरू झाले ते रविवार. सकाळी उठल्याबरोबर, पाणीसुद्धा न पिता, मोरीच्या दाराशी काटा ठेवायचा. काडीने त्यावर उभं राहायचं, नजर समोर भिंतीवर. खाली बघायचं नाही, मान खाली गेली की सुई हलते, असं बाबांचं म्हणणं. आकडा बाबा पेन्सिलीने मोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायचे. छप्पन असेल तर बरं. साडेछप्पन झाला तर आठवडाभर उकडलेला पाला. सत्तावन्न झाला तर प्लास्टिकचा कागद अंगाला गुंडाळून मैदानाच्या वीस फेऱ्या. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिच्या हातात एक छोटा मग द्यायचे आणि म्हणायचे, थुंक. मग भरेपर्यंत थुंकायचं. तेवढंच शंभर ग्रॅम कमी. राष्ट्रीय विजेती बाई मोरीच्या उंबऱ्यावर बसून मगात थुंकतेय आणि आतून मी विचारतेय, "चहा टाकू का बाबांना?" आम्हाला त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. शेजारीपाजारी तर म्हणायचे, बाप असावा तर असा.

काडीला स्वतःला एकच हवं होतं. पदकं नकोत, फोटो नको. तिला एकदा विमानाने जायचं होतं, पोल घेऊन. तिने कुठेतरी पाहिलं होतं की परदेशी स्पर्धेला जाताना पोल विमानाच्या पोटात ठेवतात. "ताई, एवढा लांब पोल ते आत कसा घालत असतील ग? वळवताना मागच्याला लागत नसेल?" हे तिने मला निदान शंभर वेळा विचारलं असेल. एस.टी.वाल्यांनी, टेम्पोवाल्यांनी, सगळ्यांनी तिला त्या पोलापायी हाकललं होतं. तिला असा एक माणूस बघायचा होता जो पोल बघून कपाळाला हात लावणार नाही.

चुन्याने बाबांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. काडी एकोणीसची झाली तोवर त्यांना चकतीवरचे आकडे दिसेनात. तेव्हापासून काट्याजवळ मी उकिडवी बसायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे, बाबा लिहायचे. तीन वर्षं मी खरा आकडा वाचला. अर्धा किलोसुद्धा लपवला नाही. साडेछप्पन असेल तर साडेछप्पन म्हणायचे आणि पाला उकडायला ठेवायचे. हे मी मुद्दाम सांगतेय. मला कुणी दयाळू म्हणू नये.

बाविसाव्या वर्षी काडी अडथळ्यांच्या शर्यतीसाठी मांडलेल्या लाकडी घोड्यांवर चक्कर येऊन पडली. मी तिला मेसच्या कोठारात नेऊन बसवलं, तांदळाच्या पोत्यांमागे, उलट्या खोक्यावर. वेणी सोडली तर केस हातात आले. "पाळी?" मी विचारलं. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली, जसं एखादीने सांगावं की गावाला जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी तिच्यापुढे भात ठेवला, त्यात लोणी घातलं आणि भाताखाली दोन उकडलेली अंडी लपवली. तिथे बघणारं कुणी नव्हतं, तरी लपवली. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि काहीतरी घाणेरडं करत असल्यासारखी भराभर जेवली.

"बाबा?" ती म्हणाली.

"बाबांचं मी बघते."

"वजन वाढेल ग."

"काही नाही वाढत. उड्या मारून जिरतं सगळं."

त्या रविवारी सुई साडेसत्तावन्नवर होती. मी म्हणाले, "छप्पन." बाबांनी लिहिलं. काडी भिंतीकडे बघत उभी होती, तिचे खांदे एकदम खाली आले. खाली बघितलं असतं तर तिला दिसलं असतं. पण सात वर्षांची सवय होती.

आठ महिने मी तिला जेवू घातलं. अठ्ठावन्नला मी छप्पन म्हणाले, साठला छप्पन म्हणाले. अधूनमधून सव्वाछप्पन म्हणायचे, म्हणजे खरं वाटावं. खोटं बोलण्यात मी अशी तरबेज झाले की विचारू नका. आणि गंमत अशी की काडी कधी नव्हती इतकी उंच जायला लागली. मांड्या भरल्या, धावण्यात जोर आला, केस गळायचे थांबले. चार मीटर पाच, चार मीटर दहा. चार पंधराला राष्ट्रीय विक्रम झाला. बाबा मैदानभर सांगत फिरले, "एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही मी. म्हणून." मी भांडी घासत ऐकायचे.

आता कुणी विचारेल, त्यात मत्सर होता का? होता. तिची सुई बावन्नच्या पुढे कधीच गेली होती, तरी तिला कुणी बटाटे सोलायला बसवलं नव्हतं. पण साठवर गेली त्या रविवारी मला जो आनंद झाला तो निव्वळ बहिणीचा आनंद नव्हता. हिला जड होऊनही उडता येतंय, मलाही आलं असतं, असं काहीतरी ते होतं. त्यात माया किती आणि खुन्नस किती हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळून उपयोग नाही.

पोलाला मात्र कळलं. सत्तावन्नचा पोल तिच्याखाली धनुष्यासारखा वाकायला लागला. सर कपाळाला आठ्या घालून बघायचे. "पोल मऊ पडलाय," ते म्हणायचे. या धंद्यात सगळ्यांचा असा समज आहे की पोल म्हातारा झाला की मऊ पडतो. खरंखोटं देव जाणे. पण दारावर आठ महिने छप्पन लिहिलेलं असल्यावर दुसरं काय म्हणणार? तिघांनी मिळून त्या पोलाला म्हातारं ठरवलं. बाबांचं अक्षर खोटं असेल हे कुणाच्या मनात आलं नाही. सरांच्या कोठारात कोपऱ्यात बासष्टचा पोल उभा होता, बरा, वापरलेला. तो तिचा पोल होता. हे त्या मैदानावर फक्त एका बाईला माहीत होतं आणि ती कांदे चिरत होती.

निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली. परदेशी जाणाऱ्या संघात बाईची एकच जागा होती आणि तिला चार मीटर वीस हवे होते. मी ठरवलं, सांगायचं. सकाळी ठरवायचे आणि दुपारपर्यंत गळायचे. सांगितलं तर काय होणार हे मला दिसत होतं. बाबा तिला बासष्टचा पोल घेऊ देणार नाहीत, तिला तीन आठवड्यांत छप्पनवर आणतील. प्लास्टिकचा कागद, थुंकायचा मग, पाला. पाच किलो. ती मरेल नाहीतर चाचणीत आडवी होईल. त्यापेक्षा चाचणी होऊ दे, विमानात बसू दे, मग सांगू. आठ महिने काही झालं नाही, आणखी तीन आठवडे काय होतंय, असं म्हणून मी गप्प बसले.

चाचणीचा दिवस स्वच्छ होता, वारा पाठीमागून. काडीने तीन ऐंशी पहिल्या झटक्यात काढली, चार मीटर पहिल्या झटक्यात, चार दहा दुसऱ्या उडीत. बाकीच्या दोघी तोवर बाहेर. बार चार वीसवर चढला. पहिली उडी : पोल इतका वाकला की ती वर जाण्याऐवजी आत गेली आणि छातीने बार घेऊन गादीवर पडली. लाल झेंडा. दुसरी : तेच. लाल झेंडा.

बाबा आणि मी कठड्यापलीकडच्या बाकावर होतो. काडी पोल घेऊन कठड्याशी आली, मागून लंगडत सर. त्यांच्या हातात बासष्टचा पोल होता. तो ते बरोबर घेऊनच आले होते, हे मला तेव्हा कळलं.

"फारच वाकतोय," सर म्हणाले. "हा घेतेस?"

"छप्पन किलोवर बासष्टचा?" काडी म्हणाली. "मागे फेकून देईल तो मला."

"तेच म्हणतोय मी. पण त्याचं वाकणं बघून मला तू छप्पन वाटत नाहीस." सर बाबांकडे वळले. "वजन नक्की ना?"

"परवा रविवारी केलंय," बाबा म्हणाले. "हिला विचारा. हिनेच वाचलंय."

तिघं माझ्याकडे बघायला लागले. बाबांना नीट दिसत नव्हतं, पण तेही बघत होते. काडीच्या चेहऱ्यावर घाम होता आणि ती नुसतं उत्तर ऐकायला उभी होती, किती वाजले हे विचारून थांबतात तशी. एकसष्ट. एवढा एकच शब्द होता. बोलले असते तर बाबांनी तिथेच गोंधळ घातला असता, काडीला कळलं असतं की आठ महिने मी तिलाही फसवलं, आणि कदाचित ती बासष्टचा घेऊन उडली असती आणि चार वीस गेली असती. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. अगदी स्पष्ट कळत होतं.

"छप्पन," मी म्हणाले.

सरांनी बासष्टचा पोल गवतावर ठेवला.

तिसऱ्या उडीला ती कधी धावली नव्हती इतकी जोरात धावली. पोल पत्र्याच्या खाचेत रोवला गेला, वाकला, आणखी वाकला, आणि मग असा आवाज झाला की पलीकडे गोळाफेकवाले खाली बसले. पोलाचे दोन तुकडे झाले. एक गादीवर उडाला. काडी गादीपर्यंत पोचलीच नाही. ती खाचेच्या पत्र्याच्या कडेवर कमरेने आदळली आणि उजवा हात अंगाखाली आला. ओरडली नाही. बाबा विचारत होते, "गेली का? बार राहिला का?"

पंच म्हातारे होते, नियमाला पक्के. त्यांनी लाल झेंडा उचलला नाही, पांढराही नाही. स्ट्रेचर आलं, तरी ते वहीत बघत उभे होते. मग सरांना म्हणाले, "पोल मोडला तर ती उडी धरत नाहीत. हिची तिसरी बाकी आहे." आणि नियमात आहे म्हणून घड्याळ लावून थांबले. स्ट्रेचर फाटकाबाहेर जाईपर्यंत बार तिथे चार वीसवर होता.

दवाखान्यात भूल द्यायच्या आधी नर्सने वजन विचारलं. बाबांनी मोठ्याने सांगितलं, "छप्पन." नर्स म्हणाली, अंदाजाने चालत नाही, औषध वजनावर असतं. तिथे पलंगासकट वजन करायचा काटा होता. आकडा आपोआप उजळला आणि नर्सने वाचला, "एकसष्ट, चारशे."

"तुमचा काटा बिघडलाय," बाबा म्हणाले.

"काका, सकाळीच तपासलाय."

"बिघडलाय म्हणतो ना!"

काडीच्या मानेला पट्टा होता, तिला मान वळवता येत नव्हती. फक्त डोळे हलत होते. ते नर्सकडे गेले, बाबांकडे गेले, आणि मग माझ्याकडे आले. तिथेच थांबले. भूल चढेपर्यंत तिथेच होते.

कमरेत दोन मणके गेले. ती चालते, काठी घेऊन, पण धावणं संपलं. संघटनेने चौकशी समिती नेमली. बाबांनी मोरीचं दार बिजागरीतून काढलं आणि हातगाडीवर घालून समितीपुढे नेलं. सात वर्षांचं वजन, एका रेषेत लिहिलेलं. समितीने दार बघितलं, मान डोलावली आणि सरांना काढून टाकलं : जुना, मऊ पडलेला पोल मुलीला वापरू दिला. काडीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "छप्पन." मला कुणी विचारलंच नाही. स्वयंपाकिणीला कोण विचारतं? मी आपण होऊन जायला हवं होतं. गेले नाही. सर आता बाजारातल्या पार्किंगच्या फाटकावर बसतात, गाडी आली की दांडा वर करायचा, गेली की खाली. मी भाजी आणायला जाते तेव्हा ते उठून उभे राहतात आणि विचारतात, "काडी बरी आहे ना? त्या दिवशी मी हट्ट करायला हवा होता बघ." मी हो म्हणते आणि पुढे जाते.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. अकरा वर्षं काडी मला त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मेसमधून मी डबा आणायचे, ती जेवायची. स्टेडियमच्या सामानाच्या कोठारात तिला बसायचं काम दिलं होतं, भाले, थाळ्या आणि पोल मोजून देण्याचं. मला वाटायला लागलं की ती विसरली. निदान बाबांना कळू नये म्हणून गिळून टाकलं असेल. दार परत जागेवर बसलं होतं आणि बाबांनी त्याच्यावरून शेवटपर्यंत कुणाला फडकं फिरवू दिलं नाही.

बाबा गेले. तेरावा दिवस झाला असेल नसेल, रविवार आला. मी चहा टाकत होते. पलंगाखालून काहीतरी लोखंडी ओढल्याचा आवाज आला. काडीने काठीने काटा बाहेर ओढला होता. तो तिने मोरीच्या दाराशी सरकवला, काठी भिंतीला लावली, तिरक्या छताला एक हात टेकवून त्यावर चढली आणि समोर भिंतीकडे बघत उभी राहिली.

"वाच, ताई," ती म्हणाली.

मी उकिडवी बसले. "बहात्तर."

"आणि त्या दिवशी किती होतं?"

"काडी, अग—"

"किती होतं?"

"एकसष्ट."

"आणि तू काय वाचलंस?"

ती भिंतीकडेच बघत होती. गॅसवर चहा उतू गेला, वास घरभर झाला, मी उठले नाही.

"छप्पन," मी म्हणाले.

त्याला आता तीन वर्षं झाली. दर रविवारी असंच. दुखणं असो, पाहुणे असोत, एक रविवार चुकत नाही. आकडा बदलतो, एकाहत्तर, त्र्याहत्तर, पुढचे दोन आकडे तेच. एकदा मी रडले, म्हणाले, अग, किती वर्षं? तू तरी एकदा खाली बघायचंस. आठ महिने पोटभर जेवत होतीस, तुला अंगात कळत नव्हतं का? पोल वाकताना कळत नव्हतं? एवढंच मला विचारायचं होतं इतकी वर्षं.

तिला राग आला नाही.

"कळत होतं," ती म्हणाली. "भूक लागायची, म्हणून नाही बघितलं. ते माझं आहे, ते मी भोगते. तू तुझं वाच."

मग काट्यावरून उतरून ती पाटावर बसली आणि ताट पुढे ओढलं. दर रविवारी मी वाढते. भात, लोणी, वर दोन अंडी, आता लपवायचं काही नाही. ती भिंतीकडे तोंड करत नाही. माझ्याकडे बघत, ताट स्वच्छ होईपर्यंत, सावकाश जेवते.